सोलापुरातून कार्ड ग्रेडिंगला पाठवायचं असेल तर: कंपनी कशी निवडायची, काय सांभाळायचं

"पीएसए, बेकेट की सीजीसी?" पोकेमॉन किंवा क्रिकेटची कार्डं जमवायला लागलेला प्रत्येक जण ग्रेडिंग कंपन्यांबद्दल पहिल्यांदा हेच विचारतो. पण हे ठरवायची वेळ जरा उशिरा येते. कार्ड खरं आहे का, त्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे का, ते विकायचं आहे की घरात ठेवायचं, आणि इथून अमेरिकेला जाऊन ते परत कसं येणार, एवढं आधी ठरवा. मग कंपनी निवडायला फार वेळ लागत नाही. माझी आणि मित्रांची कार्डं मी एजंटमार्फतही पाठवली आहेत आणि थेटही. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो.

अगदीच नवीन असाल तर थोडक्यात: ग्रेडिंग कंपनी कार्ड अस्सल आहे का ते तपासते, त्याची अवस्था बघून १० पैकी ग्रेड देते आणि कडक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, बंद करून परत पाठवते. डबीवरच्या लेबलवर एक नंबर असतो, त्याला सर्ट नंबर म्हणतात. ग्रेड देताना चार गोष्टी बघतात: छपाई मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग.

१. कार्ड खरं आहे याची आधी खात्री करा

आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. शाळेजवळच्या स्टेशनरी दुकानात किंवा गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टॉलवर मिळणारी सोनेरी, चकचकीत पोकेमॉन कार्डं खरी नसतात. कितीही जुनी असली, लहानपणापासून जपलेली असली, तरी नाहीत. खऱ्या मालिकांमध्ये धातूची किंवा सोनेरी कार्डं आहेत, पण ती मोजकी असतात. दहा-वीस रुपयांच्या पाकिटात ती निघत नाहीत.

घरच्या घरी तपासायचं असेल तर त्याच मालिकेतलं एखादं स्वस्तातलं, नक्की खरं असलेलं कार्ड शेजारी ठेवा. आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर असतो. मागच्या निळ्या रंगाची छटा जुळते का बघा. नकली कार्डांत ती फिकी किंवा जांभळट असते. इंग्रजी कार्डावर पोकेमॉन या नावातल्या 'ई' अक्षरावर छोटी तिरकी रेघ असते, नकली छापणारे ती बऱ्याचदा विसरतात. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मागून लावा. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये काळसर थर असतो, त्यामुळे उजेड फारसा आरपार येत नाही. नकली कार्ड कंदिलासारखं उजळतं. पण एकट्या या चाचणीवर विसंबू नका, सगळ्या खुणा एकत्र बघा.

इंग्रजी पोकेमॉन कार्डांचा पहिला संच १९९९ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने काढला. जपानी कार्डं त्याआधी, १९९६ पासूनची. त्यामुळे कुणी '१९९५ चं इंग्रजी चारिझार्ड' म्हणून काही दाखवलं, तर कार्डाच्या तळाची बारीक अक्षरं वाचा. कार्डाच्या कॉपीराइट ओळीत १९९५ हा आकडा छापलेला असतोच. तो खेळाच्या हक्कांचा असतो, कार्ड छापल्याचा नाही. भले भले इथे फसलेत.

क्रिकेटच्या कार्डांत नकलेची भीती कमी, पण दुसरी अडचण आहे. नव्वदच्या दशकातली फ्युटेराची कार्डं किंवा टॉप्सची क्रिकेट अटॅक्स ग्रेडिंगला चालतात. आपण लहानपणी खेळायचो ती कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं, च्युइंगगमबरोबर मिळालेली चित्रं, निर्मात्याचं नाव नसलेले संच मात्र कंपन्या घेतीलच असं नाही. कोणते संच घेतात हे कंपनीच्या संकेतस्थळावर शोधता येतं. आधी तिथे नाव सापडू द्या.

२. भिंगाखाली बघा, आणि निष्ठुरपणे बघा

महागड्या उपकरणांची गरज नाही. सोलापुरात चादर-टॉवेलच्या धंद्यातलं कुणी ना कुणी ओळखीचं असतंच. कापडातले धागे मोजायला त्यांच्याकडे घडीचं छोटं भिंग असतं, पिक ग्लास. कार्डाचे कोपरे बघायला ते उत्तम. नाहीतर सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांना मिळतं.

मी असं बघतो. हात धुऊन कोरडे करायचे. टेबलावर काळं कापड अंथरायचं. पंखा बंद. कार्ड कडेला धरून ट्यूबलाइटखाली तिरकं करायचं आणि हळूहळू फिरवायचं, म्हणजे चकचकीत भागावरून उजेडाची पट्टी सरकत जाते. समोरून आरशासारख्या दिसणाऱ्या होलोवर, म्हणजे कार्डाच्या चमकत्या भागावर, त्या पट्टीत केसाएवढे ओरखडे उमटतात. मग कार्ड उलटं करून चारी कोपरे भिंगाखाली. मागच्या निळ्या कडेवर पांढरे ठिपके दिसले की समजायचं, कागदाचा वरचा थर तिथे झिजलाय. याला सगळे व्हाइटनिंग म्हणतात. भिंगाशिवाय तो ठिपका दिसलाच नसता, पण तपासणाऱ्याला दिसणार आहे. असे दोन-तीन ठिपके असतील तर दहाची आशा सोडा.

मध्यबिंदूचं गणित पट्टीने करता येतं. डावी कडा ३ मिलिमीटर आणि उजवी ३.६ असेल, तर एकूण ६.६ पैकी ३.६, म्हणजे साधारण ५५-४५. पीएसएच्या १० ग्रेडसाठी पुढच्या बाजूला जवळपास एवढीच सूट आहे, मागच्या बाजूला ७५-२५ पर्यंत. डावी २.६ आणि उजवी ४ निघाली तर ते ६०-४० च्याही पलीकडे गेलं. बाकी कार्ड कितीही कोरं असलं तरी दहा विसरायचं.

कार्ड 'नीट' करायला जाऊ नका. खोडरबर, ओलं फडकं, नेलपॉलिश रिमूव्हर, कडा कापणं, इस्त्री, मार्करने पांढरे ठिपके रंगवणं, हे सगळं पकडलं जातं. मग ग्रेड मिळतच नाही, किंवा लेबलवर 'ऑल्टर्ड' लिहून येतं, आणि फीही बहुतेक वेळा जाते. धूळ असेल तर कोरड्या मायक्रोफायबरने हलकेच टिपा, तेवढं पुरे.

३. हिशोब ९ चा करा, १० चा नाही

समजा रॉ, म्हणजे बिनग्रेडचं, कार्ड ३,००० रुपयांना जातंय. ग्रेडिंगची फी २,५०० धरू. टपाल, विमा, परत येताना लागणारं सीमाशुल्क असं मिळून कार्डामागे आणखी १,५००. खर्च झाला ४,०००. दहा आले आणि १२,००० ला गेलं, तर हातात ८,०००. छान. नऊ आले आणि ५,००० ला गेलं तर हातात १,०००. म्हणजे रॉ विकलं असतं तर दोन हजार जास्त मिळाले असते. आठ आले तर खिशातूनच गेले.

आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील. पण नऊ आल्यावरही नुकसान होत नसेल तरच विकण्यासाठी पाठवा. भाव बघताना ईबेवर लोकांनी मागितलेली किंमत बघू नका. 'सोल्ड' हा पर्याय लावून प्रत्यक्षात झालेली विक्री बघा. शिवाय आजवर त्या कार्डाला किती दहा मिळालेत हे कंपनीच्या पॉप रिपोर्टमध्ये दिसतं. हजारोंनी असतील तर अकराव्या हजारातल्या तुमच्या कार्डाला फार भाव येणार नाही.

पदरचे पैसे घालूनही ठेवावंसं वाटतं असं एखादं कार्ड प्रत्येकाकडे असतं. आजोबांनी आणून दिलेलं, किंवा सचिनचं. तिथे हा हिशोब लावू नका. खुशाल पाठवा.

४. आता कंपनी

पीएसए: १९९१ पासूनची, अमेरिकेतली. विकायचं असेल तर बहुतेक वेळा हीच घ्या, कारण ग्राहक सगळ्यात जास्त हिच्याकडे आहेत आणि त्याच ग्रेडला भावही सहसा इथेच जास्त मिळतो. इथे साडेनऊ नाही. नऊनंतर थेट दहा, त्यामुळे नऊ आणि दहाच्या भावात मोठी दरी असते. एक अट फी भरण्याआधी वाचा: प्रत्येक दरगटाला कार्डाच्या किमतीची कमाल मर्यादा असते. ग्रेड मिळाल्यावर कार्डाची किंमत ती मर्यादा ओलांडत असेल, तर वरच्या गटाची फी लावतात. दहा आल्याच्या आनंदात हे बिल आलं की लोक चिडतात. पण ते नियमात आधीपासून लिहिलेलं असतं.

बेकेट: कार्डांच्या भावपुस्तिकांमुळे हे नाव जुनं, ग्रेडिंग १९९९ पासून. कोपरे, कडा, पृष्ठभाग, मध्य या चारांचे वेगवेगळे गुण, म्हणजे सबग्रेड, लेबलवर छापून घेता येतात. कार्ड कुठे कमी पडलं हे शिकायचं असेल तर याच्यासारखं काही नाही. चारही दहा आले तर काळं लेबल मिळतं आणि त्याचा भाव कुठल्या कुठे जातो. पण ते फारच दुर्मिळ आहे, त्या आशेवर पाठवू नका. इथला साडेनऊ म्हणजे 'जेम मिंट', तरी बाजारात तो पीएसएच्या दहापेक्षा बहुधा कमीच जातो. जाड कार्डं, सही असलेली किंवा जर्सीचा तुकडा असलेली, यांच्यासाठी हे नाव अजूनही वजनदार आहे.

सीजीसी: कॉमिक्सच्या ग्रेडिंगमधलं २००० पासूनचं नाव, कार्डांत २०२० पासून. पोकेमॉनवाल्यांमध्ये चांगलं स्थिरावलंय. घरात ठेवायची, मांडायची कार्डं मी स्वतः इथे पाठवतो. स्लॅब स्वच्छ दिसतो आणि फी बऱ्याचदा कमी पडते. जुना स्लॅब विकत घेताना मात्र जपा. २०२३ मध्ये यांनी ग्रेडची नावं बदलली. आधी साडेनऊला 'जेम मिंट' म्हणायचे, आता जेम मिंट म्हणजे १० आणि साडेनऊ म्हणजे 'मिंट प्लस'. त्यामुळे ९.५ आकडा एकच असला तरी लेबल जुनं की नवं यावर अर्थ बदलतो.

एसजीसी: १९९८ ची. स्लॅबच्या आत काळी चौकट, जुनी कार्डं तिच्यात फार देखणी दिसतात. बेसबॉल आणि जुन्या खेळांच्या कार्डांत नाव आहे. २०२४ मध्ये पीएसएच्याच मालक कंपनीने ती विकत घेतली. पोकेमॉन विकायचं असेल तर इथे पाठवायचं कारण मला दिसत नाही.

भारतातल्याही काही ग्रेडिंग सेवा आहेत. सीमाशुल्काची कटकट नाही, वेळही कमी लागतो. आपल्या संग्रहासाठी, मुलाच्या वाढदिवसाला द्यायला उत्तम. पण विकायला गेलात तर परदेशातला ग्राहक ते लेबल ओळखत नाही आणि इथलाही बराच घासाघीस करतो. निवडताना तीन गोष्टी बघा: सर्ट नंबर ऑनलाइन तपासता येतो का, तिथे कार्डाचा फोटो दिसतो का, आणि तीच मंडळी कार्डं विकतातही का. स्वतःच्या विक्रीच्या मालाला स्वतःच ग्रेड देणाऱ्यापासून दूर राहा.

मोठं नाव म्हणजे चूक होणार नाही, असंही समजू नका. पीएसएने ग्रेड दिलेलं पहिलंच कार्ड जगातलं सगळ्यात गाजलेलं: होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं, टी-२०६ मालिकेतलं. त्याला ८ मिळाले. हॉकीपटू वेन ग्रेट्झकीकडेही ते होतं, आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने खटल्यात कबूल केलं की आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. म्हणून लेबल वाचा, पण कार्डही डोळ्यांनी बघा.

५. रस्ता: स्वतः पाठवायचं की ग्रुप सबमिशनमधून

सोलापूरकराला कंपनीपेक्षा या प्रश्नावर जास्त डोकं लावावं लागतं.

ग्रुप सबमिशन म्हणजे पुण्या-मुंबईतला किंवा बंगळुरूतला एजंट बऱ्याच जणांची कार्डं गोळा करून एकत्र पाठवतो. टपालखर्च वाटला जातो आणि घाऊक गटाची कमी फी मिळते. पाच-दहा कार्डं असतील तर मी हाच रस्ता सांगेन. थेट पाठवणं एखाद्या खूप महागड्या कार्डासाठी किंवा मोठ्या गठ्ठ्यासाठीच परवडतं. परदेशात पाठवायचे आणि अमेरिकेत आत घेण्याचे नियम अलीकडे वरचेवर बदलतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर भारतीय टपालाने अमेरिकेची पार्सलं काही काळ थांबवली होती. म्हणून थेट पाठवणार असाल तर फॉर्म भरण्याआधी मुख्य टपाल कार्यालयात जाऊन त्या दिवशीचा नियम विचारा. भारतातला परतीचा पत्ता कंपनी स्वीकारते का, हेही आधीच बघा.

एजंट निवडताना हे लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना:

- कार्डामागे एकूण किती, आणि त्यात परतीचं सीमाशुल्क धरलंय की वेगळं. शुल्क कार्डाची किंमत, भाडं आणि विमा मिळून लागतं. गठ्ठ्यावर लागलेलं शुल्क सगळ्यांत कसं वाटणार? कार्डांच्या संख्येने वाटलं तर स्वस्त कार्डवाला भरडला जातो. किमतीच्या प्रमाणात वाटतात तो एजंट बरा.
- गठ्ठा कधी निघणार. 'पुरेशी कार्डं जमली की' हे उत्तर नाही. माझ्या एका मित्राची कार्डं अशीच एका एजंटच्या कपाटात अर्धं वर्ष पडून होती.
- वाढीव फी लागली तर कोण भरणार.
- कार्ड हरवलं किंवा खराब झालं तर किती भरपाई, किती दिवसांत.
- कंपनीचा सबमिशन नंबर तो तुम्हाला देणार का. दिला तर प्रगती तुम्हालाही बघता येते. द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरा एजंट बघा.

किंमत कमी लिहून शुल्क वाचवू असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ते बेकायदा आहे, आणि पार्सल गहाळ झालं तर विम्यात तेवढीच कमी रक्कम मिळते.

महाग कार्ड असेल तर पुण्याच्या एजंटच्या हातात नेऊन द्या. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने गेलं की काम उरकून रात्री घरी येता येतं. त्याच्यासमोर कार्डं मोजायची, यादीवर सही घ्यायची. कंपनीने सांगितलेला कालावधी हा अंदाज असतो, वचन नसतं. २०२१ मध्ये कार्डांचा इतका ढीग साचला की पीएसएने स्वस्त गट घेणंच थांबवलं होतं. लग्नात भेट द्यायचं कार्ड लग्नाच्या तोंडावर पाठवू नका.

६. लागणारं सामान आणि कागद

सामान: पातळ प्लास्टिकचे नवे स्लीव्ह, सेमी-रिजिड, म्हणजे किंचित वाकणारे, होल्डर (पीएसए हेच मागते, कडक टॉपलोडर नाही, जाड कार्डांना मात्र टॉपलोडर), गोंद न सोडणारा मास्किंग टेप, दोन पुठ्ठे, बबल रॅप, छोटा खोका.

कागद: आधार आणि पॅन, कारण परदेशातून येणाऱ्या कुरिअरला केवायसी लागतं. कार्ड विकत घेतल्याचं बिल असेल तर ते. प्रत्येक कार्डाचे पुढचे-मागचे फोटो. मालिका, वर्ष, क्रमांक आणि किंमत लिहिलेली यादी, तिची एक प्रत खोक्यात आणि एक तुमच्याकडे. थेट पाठवत असाल तर कंपनीच्या ऑनलाइन फॉर्मची छापील प्रत आणि सीमाशुल्काचा घोषणापत्र फॉर्म. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. बँक वर दोन-साडेतीन टक्के घेते, ते हिशोबात धरा.

७. पॅकिंग आणि आपलं ऊन

कार्ड स्लीव्हमध्ये उघड्या बाजूने, कोपरे न घासता हळू सरकवा. मग होल्डरमध्ये, खालपर्यंत दाबायचं नाही. सगळे होल्डर यादीच्या क्रमाने लावून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, रबर बँड पुठ्ठ्यांवरून, कार्डांवरून कधीच नाही. हलवून बघा, आत आवाज येता कामा नये.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो आणि हवा कोरडी ठाक असते. फॉइलची कार्डं त्यात हमखास वाकतात, कारण कागद ओलावा सोडून आकसतो आणि फॉइल तसंच राहतं. पावसाळ्यात ती उलटी वाकतात. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलची एखादी पुडी टाकून, भिंतीतल्या कपाटात ठेवा. गच्चीखालच्या खोलीत, गाडीच्या डिकीत नको. किंचित वाकलेलं कार्ड बहुतेक वेळा चालतं, पण ते सरळ करायच्या नादात पडलेली घडी चालत नाही. शक्य असेल तर एजंटकडे पाठवायचं काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरका.

देशांतर्गत पाठवायला आता स्पीड पोस्टच. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे. साध्या पार्सलला मिळणारी भरपाई फारच थोडी असते, म्हणून किमती पार्सलचा विमा काउंटरवर मागून घ्या.

८. परत आल्यावर

खोका उघडताना सलग व्हिडिओ करा, पत्त्याचं लेबल दिसेल असा. स्लॅबला तडा गेलाय का, आत कार्ड हलतंय का, लेबलवर मालिका आणि वर्ष बरोबर छापलंय का ते बघा. छपाईची चूक असेल तर कंपनी दुरुस्त करते, पण लगेच कळवावं लागतं. सर्ट नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून नोंद तपासा.

दुसऱ्याकडून स्लॅब विकत घेताना नुसता नंबर जुळला म्हणून पैसे देऊ नका. नकली स्लॅब बनवणारे खऱ्या स्लॅबचाच नंबर छापतात. संकेतस्थळावर त्या नंबराचा फोटो असेल तर तो मोठा करून हातातल्या कार्डाशी ताडून बघा: डाव्या-उजव्या कडेची रुंदी, होलोतल्या ठिपक्यांची जागा, एखादा बारीक ओरखडा. दोन वेगवेगळ्या कार्डांत हे सगळं जुळत नाही. फोटो नसेल तर विकणाऱ्याकडून तिरक्या उजेडातला व्हिडिओ मागा, आणि तो द्यायला तयार नसेल तर सौदा तिथेच थांबवा.